अण्णांची गोळी, आईंचं इंजेक्शन आणि फिरत्या शिफ्ट: आमच्या घरातलं एक वर्ष

हे सविस्तर लिहायचं कारण म्हणजे गेल्या दोन महिन्यात ओळखीतल्या तीन जणींनी मला एकच प्रश्न विचारला, की घरात आजारी सासू सासरे, पोरगा दहावीला, नवऱ्याच्या शिफ्ट फिरत्या, तुझी नोकरी, मग हे सगळं बसवतेस कसं. खरं सांगायचं तर वर्षभर आमचं काहीच बसत नव्हतं, आणि त्या न बसण्यात एकदा सासरे बाथरूममध्ये पडले आणि एकदा सासूबाईंच्या जिवावर बेतलं. त्या दोन दिवसांनंतर काय बदललं ते जसं घडलं तसं सांगते.

आमचं घर नाशिकरोडला, जेलरोडवर. सासरे, म्हणजे अण्णा, प्रेसमधून रिटायर झालेले, वय ७६, सहा वर्षांपासून पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, ७१, साखर वीस वर्षं जुनी, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन, शिवाय थायरॉइड, आणि डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलेला. नवरा सातपूर एमआयडीसीत, दर आठवड्याला शिफ्ट बदलते, फर्स्ट, सेकंड, थर्ड. माझं ऑफिस मुंबई नाक्याजवळ, अकाउंट्सचं काम, साडेनऊला पोचायचं म्हणजे साडेआठला घर सोडावं लागतं कारण द्वारका चौकात किती वेळ जाईल ते कोणीच सांगू शकत नाही. मुलगा तेव्हा दहावीत, मुलगी पाचवीत, तिची शाळा सकाळची. आणि माझी आई सिन्नरला एकटी, ७२ वर्षांची, बीपी आणि गुडघे, मला भाऊबहीण नाही. नणंद, आमच्या ताई, पुण्याला. घरात धुणंभांडी आणि वरच्या कामाला मावशी, सकाळी नऊ ते दुपारी दोन.

म्हणजे माणसं कमी नव्हती हे आधी लक्षात घ्या. मलाही ते फार उशिरा लक्षात आलं.

पहिली गोष्ट २०२४ च्या ऑगस्टची. आमच्याकडे अण्णांची आंघोळ सकाळी सात वाजता असायची, कारण नळाला पाणी सकाळी, गीझर तेव्हाच लावलेला, मी आणि नवरा दोघांपैकी कोणीतरी घरात, आणि साडेआठनंतर मदतीला कोणी नाही. सोयीचं होतं सगळ्यांना. अण्णा त्या वेळी अगदी लाकडासारखे असायचे, पलंगावरून उठवायलाच दहा मिनिटं, पाय जमिनीला चिकटल्यासारखे, आणि मी मागून "अण्णा लवकर, मला उशीर होतोय" असं म्हणत असायची. ते वाक्य आठवलं की आजही मला कसंतरी होतं. एका मंगळवारी बाथरूमच्या उंबऱ्यातच पाय अडला आणि ते तोंडावर पडले, कपाळाला चार टाके. सीटी स्कॅन नॉर्मल आला, देवाची कृपा.

टाके काढल्यावर मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. मला वाटलं होतं आता डोस वाढवतील. त्यांनी आधी विचारलं, गोळी किती वाजता देता? मी म्हटलं सकाळी आठ, दुपारी जेवण झाल्यावर आणि रात्री आठ. कशाबरोबर? दुधाबरोबर, पोटाला त्रास नको म्हणून. आणि आंघोळ? सातला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, म्हणजे रात्री आठची गोळी, मध्ये अकरा तास काही नाही, आणि त्यांच्या दिवसातल्या सगळ्यात वाईट वेळेला तुम्ही त्यांना ओल्या फरशीवर उभं करताय.

पार्किन्सन्सची जी मुख्य गोळी असते, लेव्होडोपावाली, ती घेतल्यावर साधारण अर्ध्या पाऊण तासाने अंग मोकळं होतं आणि काही तासांनी तो असर उतरत जातो, आजार जुना होतो तसा हा चढउतार जास्त ठळक दिसायला लागतो. डॉक्टर लोक त्याला ऑन आणि ऑफ म्हणतात, आमच्या घरात आता सगळेच म्हणतात, पाचवीतली पोरगीसुद्धा. शिवाय दूध, दही, डाळ, अंडी यातली प्रथिनं पोटात असतील तर गोळी नीट शोषली जात नाही, म्हणून ती जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने, नुसत्या पाण्याबरोबर द्यायची. सहा वर्षं आम्ही ती दुधाबरोबर देत होतो, आणि दुपारची तर वरण-भात-दही खाऊन झाल्यावर. दुपारी अण्णा खुर्चीत पुतळ्यासारखे बसून राहायचे आणि आम्ही म्हणायचो, वय झालं.

डॉक्टरांनी चार दिवसांची डायरी मागितली. सकाळी सहा ते रात्री दहा, प्रत्येक अर्ध्या तासाचा चौकोन, त्यात ऑन का ऑफ, गोळी कधी, खाल्लं काय. एक दिवस मी रजा टाकली, एक दिवस नवऱ्याने भरली, दोन दिवस मावशी आणि आईंनी मिळून. आई बोलायच्या आणि मावशी खुणा करायच्या, ऑनला सूर्य आणि ऑफला काळा टिंब. तो कागद मी अजून जपून ठेवलाय. चार दिवसांचं चित्र इतकं स्वच्छ होतं की कोणी समजावून सांगायची गरजच नव्हती, सकाळी साडेनऊ ते साडेअकरा सूर्य आणि बाकी दिवसभर टिंबं.

मग गोळ्यांच्या वेळा तीनच्या चार झाल्या, साडेसहा, साडेदहा, अडीच, साडेसहा, दिवसाचं एकूण प्रमाण फार काही बदललं नाही. दूध बंद नाही केलं, रात्रीच्या जेवणात सरकवलं, डाळ आणि पनीरही रात्री. (हे आमच्या डॉक्टरांनी अण्णांचं वजन बघून सांगितलं, तुमच्याकडे असं असेल तर आपापल्या डॉक्टरांना विचारूनच करा, आणि ही गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद तर कधीच करू नका.) आणि आंघोळ गेली सव्वा अकराला.

आता सव्वा अकराला घरात मावशी आणि आई. बाईमाणूस अण्णांना आंघोळ घालणार कशी, असा पहिला प्रश्न ताईंनी फोनवर विचारला, बरोबरच होता. पण झालं असं की सव्वा अकराला अण्णांना कोणी आंघोळ घालावीच लागत नाही. प्लास्टिकचं स्टूल, भिंतीला पकडायला दांडा, खाली न घसरणारी चटई, दाराला आतून कडी नाही, बाहेर मावशी बसलेली आणि दर दोन मिनिटांनी हाक. ते स्वतःची स्वतः करतात. ज्या माणसाला आम्ही सहा महिने लहान मुलासारखं न्हाऊ घातलं त्याला मदत लागत नव्हती, त्याला वेळ बदलून हवी होती. मी ऑफिसमध्ये होते तेव्हा आईंचा फोन आला, "अगं हे स्वतः टॉवेल पिळून वाळत घालून आले," आणि मी तिथेच डोळे पुसले.

तिथून आमचं वेळापत्रक उलटं झालं. आधी काय असायचं, माणसांच्या सोयीच्या वेळा पक्क्या आणि त्यात औषधं कोंबायची. आता औषधांच्या वेळा पक्क्या आणि माणसं त्याभोवती. साडेसहाची पहिली गोळी आई देतात, त्या साडेपाचलाच उठलेल्या असतात. त्यांची थायरॉइडची गोळी पण उपाशीपोटीची, चहाच्या आधी किमान अर्धा तास, मग दोघं पलंगावर बसून एकाच तांब्यातल्या पाण्याने आपापली गोळी घेतात. आईंची कॅल्शियमची गोळी आधी नाश्त्याबरोबर होती, ती थायरॉइडच्या गोळीपासून निदान चार तास लांब हवी हे केमिस्टने सांगितलं, मग ती रात्री गेली. अण्णा गोळी घेऊन पडूनच राहतात, सव्वासातला उठतात, उठताना आधी दोन मिनिटं पलंगाच्या कडेला पाय सोडून बसायचं आणि मगच उभं राहायचं, कारण या आजारात उभं राहताना बीपी एकदम खाली येऊ शकतं.

मला वाटलं जिंकलो. आणि मग दिवाळी झाली.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा, भाऊबीज होऊन दोन दिवस झालेले, पोरांना सुट्टी, नवऱ्याची थर्ड शिफ्ट. आईंच्या मोतीबिंदूमुळे त्यांना इन्सुलिन पेनवरचे आकडे दिसत नव्हते, म्हणून दोन महिन्यांपासून इंजेक्शन आम्ही देत होतो, सकाळी १८ युनिट. बहुतेक मीच, कधी नवरा. त्या दिवशी नवरा साडेसातला कामावरून आला, आई नाश्त्यासाठी थांबलेल्या दिसल्या, त्याने पेन घेऊन १८ युनिट दिले, चहा घेतला आणि झोपायला गेला. मी गच्चीत कपडे वाळत घालत होते. सव्वाआठला मी घाईत खाली आले, पेन घेतलं. आई म्हणाल्या, "अगं झालं ना मगाशी?" मी म्हटलं, "ती थायरॉइडची गोळी झाली आई, हे इंजेक्शन." त्या म्हणाल्या, "हो का, बरं," आणि हात पुढे केला. परत १८ युनिट.

अकराच्या सुमाराला पोरीचा फोन, आजी घामाने भिजलीय आणि वेडंवाकडं बोलतेय. मावशींनी तोपर्यंत ग्लुकोमीटर लावलं होतं, ५२. साखर ७० च्या खाली गेली की ती कमी समजतात आणि ताबडतोब काहीतरी गोड द्यायचं असतं, पंधरा ग्रॅम, म्हणजे साधारण तीन छोटे चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटं थांबून परत मोजायचं, नाही वाढली तर परत द्यायची. माणूस गिळू शकत असेल तरच, बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही. हे मला माहीत होतं, मावशींना कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं, आणि त्यांच्या लक्षात राहिलं हे आमचं नशीब. पंधरा मिनिटांनी ६४, परत साखरपाणी, नंतर ८८. तोवर नवरा उठला होता आणि त्याने विचारलं, "तू पण दिलंस?" फोनवर आम्ही दोघं काही सेकंद काहीच बोललो नाही.

आईंचं इन्सुलिन मिक्स प्रकारचं आहे, त्यातला काही भाग हळूहळू दिवसभर काम करत राहतो, त्यामुळे साखर ८८ झाली म्हणजे संपलं असं नसतं, ती परत खाली येऊ शकते. डॉक्टरांनी लगेच बोलावून घेतलं आणि रात्री नऊपर्यंत दवाखान्यातच ठेवलं, तासातासाला तपासत. अण्णा त्या सगळ्या वेळात घरी होते आणि अडीचची गोळी पोरीने आठवणीने दिली. दहा वर्षांच्या पोरीने.

त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक कोणाची हे शोधून काही हाताला लागत नव्हतं. नवऱ्याने कामच केलं होतं आणि मी पण कामच केलं होतं. गडबड अशी की "आज इंजेक्शन झालं का" हे घरात कुठेच लिहिलेलं नव्हतं, ते फक्त माझ्या डोक्यात असायचं, आणि त्या दिवशी माझ्या डोक्यात ते नव्हतं. पहाटे उठून मी ऑफिसच्या जुन्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूला फक्त मी काय काय लक्षात ठेवते ते लिहीत गेले. सुया किती उरल्या, साखर मोजायच्या स्ट्रिप कधी संपणार, अण्णांची बद्धकोष्ठाची पावडर, आईंची तीन महिन्यांची साखरेची तपासणी, पेन्शनचा हयातीचा दाखला, सिन्नरच्या आईचा बीपी, पोराच्या प्रिलिमच्या तारखा, पोरीचे रिक्षाचे पैसे, मावशींच्या सुट्ट्या, डॉक्टरांचा नंबर लावायला सकाळी आठलाच फोन करावा लागतो हे. त्रेचाळीस गोष्टी झाल्या. घरातले सगळे मदत करत होते, कोणीच आळशी नव्हतं, पण प्रत्येकजण मला विचारून करत होता. काम वाटलेलं होतं, लक्षात ठेवायचं मात्र सगळं माझ्याकडे.

रविवारी ताईंना पुण्याहून बोलावलं. कागद मध्ये ठेवला. मी एवढंच म्हटलं की यातल्या गोष्टी मुळासकट कोणीतरी घ्या, म्हणजे करायचं पण तुम्ही आणि लक्षात ठेवायचं पण तुम्ही, मी आठवण करणार नाही. ताईंना आधी वाईट वाटलं, त्या म्हणाल्या मी लांब राहते, मी काय करणार. मग यादीत फोनवरून होणारी किती कामं आहेत ते आम्ही मोजलं, एकोणीस निघाली. औषधांचा साठा आणि ऑर्डर, डॉक्टरांच्या वेळा, सगळे रिपोर्ट एका फोल्डरमध्ये, हयातीचा दाखला. ती सगळी ताईंनी घेतली. नवऱ्याने आईंचं इन्सुलिन पूर्ण घेतलं, सुया स्ट्रिपसकट. मी अण्णांच्या डॉक्टरांशी बोलणं आणि डायरी, पोरांचं, आणि सिन्नर.

याआधी ताईंचा फोन आला की मला खूप टोचायचं, "अण्णांना फिरवून आणता ना, आईला कारल्याचा रस देता ना" असे प्रश्न. त्यांच्याकडे स्वतःचं काम आल्यावर ते प्रश्न बंदच झाले, आता त्या विचारतात "स्ट्रिपची दोन पाकिटं मागवू का तीन?" पहिल्या महिन्यात एकदा गडबड झाली, शनिवारी रात्री अण्णांच्या गोळ्या फक्त दोन उरलेल्या. बोलणं अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं, पण मी बिटको चौकात जाऊन घेऊन आले नाही, ताईंना एक फोटो पाठवला फक्त. त्यांनी पुण्यात बसून इथल्या तीन दुकानात फोन केले, दहाच्या आत गोळ्या दारात. तेव्हापासून साठा कधी दहा दिवसांच्या खाली गेलेला नाही. मी स्वतः जाऊन आणल्या असत्या तर ते काम त्याच रात्री परत माझ्याकडे आलं असतं.

इन्सुलिनचा उपाय नवऱ्याने काढला आणि तो मला सगळ्यात आवडतो. आधी आम्ही व्हॉट्सॲप ग्रुप करून बघितला होता, "दिलं" असं लिहायचं, पण ते शुभ सकाळ आणि शाळेच्या मेसेजमध्ये वाहून जायचं. फोनमधल्या कॅलेंडरचं पण तेच, मी आणि नवरा बघणार, आई आणि मावशी कुठे बघणार. आता फ्रिजवर एक छोटी स्टीलची डबी आहे, कुंकवाची असते तेवढी. रात्री झोपताना नवरा, किंवा तो शिफ्टला असेल तर मुलगा, त्यात बरोबर दोन नव्या सुया ठेवतो, एक सकाळची एक संध्याकाळची, बाकीचं पाकीट वरच्या कपाटात. सकाळी डबीत दोन सुया म्हणजे इंजेक्शन राहिलंय, एक म्हणजे झालंय. सुईशिवाय पेन चालतच नाही, त्यामुळे विसरून दुसऱ्यांदा द्यायचं म्हटलं तरी हात कपाटाकडे न्यावा लागतो, तेवढ्यात आठवतं. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या बाटलीत. आईंना डबी हाताने चाचपून कळते, दिसायची गरज नाही. नोव्हेंबरनंतर एकदाही गोंधळ नाही.

बाकी सगळं स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर. महिना सुरू झाला की नवऱ्याची शिफ्ट प्रत्येक आठवड्यावर पट्टी मारून, फर्स्ट हिरवी, सेकंड निळी, थर्ड लाल. लाल आठवड्यात डॉक्टर नाही, पाहुणे नाही, बँक नाही, कारण तो दिवसा झोपतो आणि झोपमोड झाली तर मशीनवर धोका त्याला. मावशींच्या दोन रविवारच्या सुट्ट्या पण त्यावरच, आधी आम्ही त्यांना ऐनवेळी "या ना आज" म्हणायचो, ते बंद केलं आणि पगार वाढवला, ज्या बाईने माझ्या सासूचा जीव वाचवला तिच्या रजेला तारीख पण नसावी हे बरोबर नव्हतं.

हयातीच्या दाखल्याचं थोडं सांगते कारण पार्किन्सन्सवाल्या घरांना उपयोगी पडेल. दर नोव्हेंबरला पेन्शनरला जिवंत असल्याचं प्रमाण द्यावं लागतं (८० च्या वरच्यांना ऑक्टोबरपासून देता येतं). बोटाचे ठसे अण्णांचे थरथरीमुळे लागेनात. मग ताईंनी मोबाईलवरचं जीवन प्रमाण, चेहरा दाखवून होतं ते, नवऱ्याच्या फोनवर टाकून दिलं. त्यात डोळ्यांची उघडझाप करावी लागते, आणि या आजारात पापण्या लवायचंच कमी होतं, चेहरा पण स्थिर होतो, तर संध्याकाळी पाच वेळा प्रयत्न करून झालं नाही. दुसऱ्या दिवशी साडेअकराला, आंघोळ करून ऑनमध्ये असताना, पहिल्या झटक्यात झालं. कोणी पोस्टमन घरी बोलवूनही करतात, तो पण मार्ग आहे, पण वेळ ऑनचीच सांगा.

सिन्नरचं मी सोपं केलं. आई रोज सकाळी सातला पूजा झाली की मला मिस कॉल देते. साडेसातपर्यंत नाही आला तर मी करते, उचलला नाही तर शेजारच्या काकू जाऊन बघतात, त्यांच्याकडे किल्ली दिलीय. एका शनिवाराआड बिटकोवरून एसटी, बायकांना अर्धं तिकीट आहेच. ताईंनी स्वतःहून माझ्या आईचं सत्तरीवरच्यांचं पाच लाखांचं आयुष्मान कार्ड पण काढून दिलं, आधार आणि ओटीपी एवढंच लागलं. माझ्या आईसाठी माझ्या नणंदेने केलेलं ते पहिलं काम.

जानेवारीत संक्रांत झाल्यावर आईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. ते आम्ही मुद्दाम निळ्या आठवड्यात घेतलं, सेकंड शिफ्ट म्हणजे नवरा दुपारी अडीचपर्यंत घरी. पहिल्या आठवड्यात ड्रॉप दिवसातून सहा वेळा, पुढे दर आठवड्याला कमी, आणि दोन वेगवेगळ्या ड्रॉपमध्ये पाच मिनिटांचं अंतर, नाहीतर पहिला दुसऱ्याने वाहून जातो. दुपारचे दोन पोरीकडे, ती घड्याळ घेऊन बसायची, पाच मिनिटांत आजीला एक गोष्ट सांगायची आणि मग दुसरा ड्रॉप. वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही, फोडणीच्या धुरात उभं राहायचं नाही, म्हणून तीन आठवडे पोळ्या बाहेरून लावल्या. आईंना ते आवडलं नाही, रोज पोळी उचलून बघायच्या आणि ठेवून द्यायच्या. पण पट्टी निघाल्यावर त्यांनी पेनवरचा आकडा मोठ्याने वाचला, अठरा, आणि आता सकाळचं इंजेक्शन परत स्वतः घेतात. डबी तशीच आहे.

दहावीचं म्हणाल तर २१ फेब्रुवारीला मराठीचा पेपर आणि १७ मार्चला संपलं. अण्णा रात्री झोपेत ओरडतात, हातवारे करतात, हा पण या आजाराचाच भाग असतो, आणि मुलगा शेजारच्याच खोलीत. त्याने कधी तक्रार केली नाही पण प्रिलिमचे मार्क बोलले. मग महिनाभरासाठी जवळची अभ्यासिका लावली, रात्री साडेदहापर्यंत. हे मी जूनमध्येच करायला हवं होतं, त्याचं मला वाईट वाटतं.

सगळं सुटलेलं नाही. लाल आठवडा अजून जड जातो. मावशी मार्चमध्ये गावाला गेल्या त्या आठ दिवसात मी पाच रजा टाकल्या. संध्याकाळी सहाच्या सुमाराला अण्णा अस्वस्थ होतात, गेट लावलं का, पोरं आली का, दहादा विचारतात, त्याला वेळापत्रकात काही उत्तर नाही, कोणीतरी शेजारी बसायचं, बस्स. २०२७ ला सिंहस्थ आहे, तेव्हा डॉक्टरांकडे गाडी घेऊन कसं जायचं हा विचार ताईंनी आत्ताच सुरू केलाय. आणि माझी स्वतःची रक्ततपासणी आठ महिने लांबली होती, ती त्रेचाळीस गोष्टींच्या यादीत मी लिहिलीच नव्हती. ताईंनी विचारलं तेव्हा लक्षात आलं. त्यांनीच चव्वेचाळीसावी म्हणून लिहिली आणि तारीख टाकली.

कालनिर्णयवर आणखी एक गोष्ट सुरू झाली ती कोणी ठरवलेली नाही. अण्णा प्रेसमध्ये होते तेव्हा त्यांच्या अक्षराचं नाव होतं, आजारात ते बारीक बारीक होत मुंगीएवढं झालं, मग त्यांनी लिहिणंच सोडलं. डिसेंबरात एक दिवस त्यांनी साडेदहाच्या गोळीनंतर पेन मागितलं आणि तारखेच्या चौकोनात लिहिलं, "घेतली". तेव्हापासून चारही गोळ्यांना लिहितात. मी महिन्याचं पान फाडून डॉक्टरांकडे नेलं तर ते अक्षरच बघत राहिले, साडेदहा आणि साडेसहाचं ठीक होतं, अडीचचं "घेतली" रोज वाचता येणार नाही इतकं बारीक, म्हणजे त्या आधीच असर उतरत होता. तिसरी गोळी दोनला आणली. या महिन्यात दोनचं अक्षर सकाळच्याइतकंच आहे, आणि काल तर एवढं मोठं लिहिलंय की शेवटची वेलांटी पलीकडच्या एकादशीच्या चौकोनात गेलीय.